दात उजळायचे आहेत? आधी डाग ओळखा, मग जेल निवडा

लग्नाची तारीख ठरली की हॉल, साड्या, दागिने यांच्या यादीत हल्ली ‘दात पांढरे करून घेणे’ हेही एक काम असतं. बहुतेकदा ते यादीत अगदी शेवटी, म्हणजे हळदीच्या चार दिवस आधी आठवतं. दात उजळण्याची प्रक्रिया, म्हणजे ब्लीचिंग किंवा व्हाइटनिंग, नीट केली तर सुरक्षित आहे. पण ती कोणत्या डागावर चालते आणि कोणत्या डागापुढे हात टेकते, हे ठाऊक नसेल तर पैसे जातात, दात ठणकतात आणि रंग जिथल्या तिथे राहतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ब्लीचिंग मागायला जाणाऱ्या पुष्कळ जणांचं काम साध्या स्केलिंगनेच, म्हणजे दातांवरचं किटण काढून घेण्यानेच, भागतं. आणि ज्यांना खरोखर ब्लीचिंग हवं असतं, त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी दंतवैद्याने मापाने बनवून दिलेला, दातांवर बसणारा प्लास्टिकचा ट्रे आणि त्यात घालायचं कमी तीव्रतेचं जेल हा रस्ता दवाखान्यात निळ्या दिव्याखाली घालवलेल्या तासाभरापेक्षा चांगला आहे. हळू आहे, पण चांगला आहे.

पहिली पायरी: रंग कुठे बसलाय ते बघा

दाताचा बाहेरचा थर म्हणजे इनॅमल. तो शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण बराचसा पारभासक. त्याच्या आतला डेंटिन मुळातच पिवळसर असतो. आपल्याला दाताचा जो रंग दिसतो तो मुख्यतः या आतल्या डेंटिनचा. वय वाढतं तसं इनॅमल झिजून पातळ होतं, डेंटिन जाड आणि गडद होत जातो, म्हणून पन्नाशीतले दात विशीतल्यापेक्षा पिवळे दिसतात. सुळे तर तरुणपणीही शेजारच्या दातांपेक्षा पिवळेच असतात. तो आजार नाही, त्यांची घडणच तशी.

सकाळच्या उजेडात आरशासमोर उभं राहा. बाथरूमचा पिवळा दिवा नको. ओठ वर करून बघा. दातांच्या मधल्या फटींत, हिरडीच्या कडेला आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी-काळा थर दिसतोय का? जीभ फिरवल्यावर तो खरखरीत लागतो का? मग तो वरून बसलेला डाग आहे: चहा, कॉफी, पान, तंबाखू, मिश्री आणि त्याखालचं किटण. लोहाचं पातळ औषध आणि क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश हेही असे डाग पाडतात. माउथवॉशने पडलेले डाग बघून लोक घाबरतात, पण ते साफसफाईत निघून जातात. या सगळ्याला स्केलिंग आणि पॉलिशिंग पुरेसं आहे. किटणावर जेल लावण्यात काही अर्थ नाही, ते दातापर्यंत पोचतच नाही.

थर नाही, दात गुळगुळीत आहेत, पण सगळेच एकसारखे पिवळे आहेत? ब्लीचिंगसाठी याहून चांगली केस नाही. पिवळा रंग लवकर उतरतो, करडा फार हट्टी असतो.

एकच दात काळपट किंवा करडा पडलाय? लहानपणी सायकलवरून पडलेलं, चेंडू लागलेलं आठवतं का ते बघा. मार लागून आतली नस मेली की रक्तातले घटक डेंटिनमध्ये झिरपतात आणि दात काळवंडतो. याला बाहेरून जेल लावत बसू नका. एक्स-रे काढून, बहुधा रूट कॅनाल करून, दाताच्या आतून ब्लीचिंग करतात. सोडियम परबोरेटची पेस्ट दाताच्या पोकळीत भरून वरून तात्पुरतं सिमेंट लावतात आणि रंग मनासारखा होईपर्यंत काही दिवसांनी ती बदलतात. ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आलेली आहे. यात एक धोका असतो. तीव्र पेरॉक्साइड (रंग घालवणारं रसायन) आणि उष्णता वापरली तर मुळाची मानेजवळ झीज होऊ शकते. म्हणून रूट कॅनालच्या भरणावर आधी सिमेंटचा अडसर घातला जातो. तो घालणार ना, हे विचारायला लाजू नका.

आडवे करडे-तपकिरी पट्टे असतील तर टेट्रासायक्लिनचा संशय येतो. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, हे औषध घेतलं किंवा गरोदरपणी आईने घेतलं तर ते दाताच्या आतच बसतं. रोज रात्री ट्रे लावून असे दात उजळतात, पण त्याला आठवडे नाही, महिने लागतात. हिरडीजवळचा करडेपणा बहुधा थोडा उरतोच.

आणि मग आपल्याकडचा मोठा विषय, फ्लोरोसिस. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. बालपण त्याहून जास्त फ्लोराइडच्या पाण्यावर गेलं की दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी चट्टे येतात. गाव सोडून पुण्या-मुंबईला आल्यावर मुलाखतीच्या वेळी ते खुपायला लागतात. ब्लीचिंगने तपकिरी चट्टे बऱ्याचदा फिके होतात. पांढरे ठिपके मात्र जात नाहीत, फार तर आजूबाजूचा दात उजळल्याने त्यात मिसळून जातात. पहिल्या काही दिवसांत तर ते आणखी ठळक दिसतात, तेव्हा घाबरून थांबू नका. हट्टी डागांसाठी सौम्य आम्ल आणि प्यूमिसने वरचा अगदी पातळ थर घासून काढतात किंवा ठिपक्यात पातळ रेझिन जिरवतात. इतकं करूनही भागलं नाही तर व्हिनियरचा, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्याचा, विचार.

दुसरी पायरी: तपासणी, मगच पुढचं

ज्यांच्याकडे जाल ते नोंदणीकृत दंतवैद्य असल्याची खात्री करा. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. ब्युटी पार्लरमध्ये फेशियलसोबत ‘टीथ व्हाइटनिंग’चं पॅकेज दिसतं, त्या वाटेला जाऊ नका. किडलेला दात, भेगा, उघडी पडलेली मुळं हे तिथे कोण बघणार? खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं किंवा गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहेच. तिथे वेळ जातो, पण तपासणी आणि स्केलिंग स्वस्तात आणि नीट होतं.

तपासणीत चार गोष्टी व्हायला हव्यात. कीड आणि गळकी भरणं शोधणं, हिरड्या बघणं, पुढच्या दातांत कुठे कॅप, व्हिनियर किंवा सिमेंट आहे त्याची नोंद, आणि शेड गाइडने, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या नमुन्यांच्या पट्टीने, आत्ताचा रंग टिपून ठेवणं. व्हिटा कंपनीच्या जुन्या शेड गाइडवर १६ रंगछटा असतात. स्वतःच्या दाताशेजारी ती पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढून घ्या. रोज आरशात बघून फरक कळत नाही, फोटोत कळतो.

कॅप आणि सिमेंटची नोंद का, तर त्यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. समोरच्या दोन दातांपैकी एकावर जुनी कॅप असेल तर शेजारचा उजळल्यावर कॅप पिवळी दिसायला लागते. ती नंतर बदलावी लागेल, तो खर्च आधीच धरा.

तंबाखू, सुपारी, मिश्री घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का ते बघा. जात नसतील, तिखटाने तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर दात पांढरे करण्याचा विषय बाजूला ठेवून आधी ते दंतवैद्याला दाखवा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर काय मिळतं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि मिश्रीने दात स्वच्छ होतात असं मानणाऱ्या घरांत ती सोडल्याशिवाय ब्लीचिंग म्हणजे फुकट खर्च.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. अठरा वर्षांखालच्या मुलांचंही करू नये, कारण कोवळ्या दातात नसेची पोकळी मोठी असते. युरोपीय संघाने २०१२ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइड असलेली उत्पादनं थेट ग्राहकाला विकायला मनाई केली आहे. ६ टक्क्यांपर्यंतची फक्त दंतवैद्यामार्फत मिळतात, आणि तीही अठरा वर्षांवरच्यांनाच. आपण निदान वयाचा नियम तरी उचलावा.

जेल नेमकं करतं काय

जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं किंवा ते सोडणारं कार्बामाइड पेरॉक्साइड. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान की तो काही मिनिटांत इनॅमल ओलांडून डेंटिनमध्ये शिरतो. तिथे रंग देणारे मोठे सेंद्रिय रेणू असतात. पेरॉक्साइड त्यांचं ऑक्सिडेशन करून त्यांचे बंध तोडतं. तुटलेले लहान रेणू प्रकाश कमी शोषतात, म्हणून दात उजळ दिसतो. दात खरवडला जात नाही, वर रंगही चढत नाही.

लेबल वाचताना इथे गफलत होते. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकीचा युरिया. म्हणजे ‘३५ टक्के’ कार्बामाइडचं जेल आणि ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल यांत तिपटीचा फरक आहे. आकडा कशाचा आहे ते बघितल्याशिवाय तुलना करू नका. दुसरा फरक वेगाचा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा जोर तासाभरात संपतो, कार्बामाइड मात्र पहिल्या दोनेक तासांत निम्मं काम करून उरलेलं रात्रभर हळूहळू करत राहतं.

दवाखान्यातलं ब्लीचिंग

इथे २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ते हिरडीला लागलं तर भाजतं, म्हणून आधी ओठ बाजूला धरणारी चौकट बसवतात, हिरडीच्या कडेने पातळ रेझिन लावून दिव्याने कडक करतात, आणि मगच दातांवर जेल. पंधरा-वीस मिनिटांनी पुसून पुन्हा नवं, असे दोन-तीन हात होतात. एकूण तास-दीड तास. मध्येच हिरडीला चुरचुरलं तर लगेच हात वर करा. सोसत बसण्यात शहाणपण नाही. हिरडी पांढरी पडली असेल तर बहुतेकदा ती दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते.

निळ्या दिव्याबद्दल आणि लेझरबद्दल जाहिरातीत बरंच काही लिहिलेलं असतं. पण काही आठवड्यांनी रंग मोजला की दिव्याने आणि दिव्याविना केलेल्या दातांत टिकाऊ फरक दिसत नाही. दिव्याच्या उष्णतेने दुखणं मात्र वाढू शकतं. केवळ दिव्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

खुर्चीवरून उठताना दात लख्ख दिसतात, त्यातही थोडी फसगत आहे. तासभर तोंड उघडं राहून दात कोरडे पडलेले असतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. एक-दोन दिवसांत ओलावा परतला की रंग थोडा उतरतो. खरा रंग दोन आठवड्यांनी बघायचा. ज्यांना परदेशी जायचंय, फार वेळ नाही, ट्रे घालताना उलटीची भावना होते, त्यांच्यासाठी ही पद्धत ठीक. बाकीच्यांनी पुढचं वाचा.

घरचा ट्रे: माझी पसंती

ही पद्धत थोडी अपघातानेच सापडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आर्कान्सामधले ऑर्थोडॉन्टिस्ट बिल क्लुसमायर हिरड्यांच्या त्रासासाठी रुग्णांना रात्री प्लेटमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक घालायला सांगत. हिरड्या बऱ्या झाल्याच, दातही उजळले. १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन यांनी ही पद्धत शोधनिबंधात मांडली आणि तेव्हापासून १० टक्के जेल हेच सगळ्यात जास्त अभ्यासलेलं ब्लीचिंग आहे.

दंतवैद्य दातांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती तयार होते आणि तिच्यावर मऊ प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून, हवा ओढून बसवला जातो. ट्रे हिरडीच्या कडेला नीट कापलेला असावा. घालून बघा. कुठे टोचत असेल तर तिथेच घासून घ्या. ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून चावायचे ट्रे इतके सैल बसतात की जेल दातांवर कमी आणि हिरडीवर जास्त राहतं.

रात्री जेवण, चहा-दूध सगळं उरकल्यावर नेहमीच्या पेस्टने दात घासा आणि फ्लॉस करा. ट्रे कोरडा करून ज्या दातांना उजळायचंय त्यांच्या कप्प्यात, ओठाकडच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढं जेल घाला. दाढांना बहुधा गरज नसते, हसताना दिसतात तेवढेच दात पुरेत. ट्रे बसवा, बोटाने हलके दाबा, बाहेर आलेलं जेल कापसाने किंवा कोरड्या ब्रशने पुसून घ्या. जास्त जेल घातल्याने दात जास्त पांढरे होत नाहीत, ते फक्त हिरडीवर आणि पोटात जातं. १० ते १६ टक्के कार्बामाइड असेल तर रात्रभर, २० टक्क्यांच्या आसपास असेल तर एक-दोन तास, आणि यात तुमच्या दंतवैद्याने सांगितलेली वेळ अंतिम. सकाळी ट्रे काढून चूळ भरा, हलक्या हाताने ब्रश करा. ट्रे गार पाण्याने धुवा, कारण गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. जेलची सिरिंज फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

शक्य असेल तर आधी फक्त वरचे दात करा. खालच्यांशी तुलना करून फरक दिसतो, हुरूप येतो. साध्या पिवळेपणाला दोन ते तीन आठवडे पुरतात. सुळे मागे राहतील, त्यांना आणखी काही रात्री द्या. सलग तीन-चार दिवस रंग पुढे सरकत नसेल तर तुमचा दात त्याच्या मर्यादेला पोचला, असं समजा.

दात सळसळायला लागले तर

पेरॉक्साइड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचत असल्याने गार पाण्याने, कधी वाऱ्यानेही, दात सळसळतात. मधूनच वीज चमकावी तशी कळ येते. हे तात्पुरतं असतं आणि जेल थांबवल्यावर काही दिवसांत जातं. ज्यांचे दात आधीच नाजूक आहेत त्यांनी सुरुवात करण्याच्या दोन आठवडे आधीपासून ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह पेस्ट वापरावी. त्रास झाला तर तीच पेस्ट ट्रेमध्ये घालून दहा ते तीस मिनिटं ठेवता येते, किंवा एक रात्र आड जेल लावा. एकाच दातात दुखत राहिलं, रात्री झोपेतून उठवणारं दुखलं, तर ते ब्लीचिंगचं दुखणं नाही. भेग किंवा कीड असू शकते, लगेच दाखवा.

पट्ट्या, पेस्ट आणि स्वयंपाकघरातले उपाय

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत व्हाइटनिंगच्या पट्ट्या हमखास असतात. त्यांतही पेरॉक्साइडच असतं आणि त्या काम करतात. पण सरळ, भरण नसलेल्या पुढच्या सहा-आठ दातांवरच. वेडेवाकडे दात असतील तर फटींत रंग तसाच राहतो.

‘व्हाइटनिंग’ टूथपेस्ट वरचे डाग घासून काढते, आतला रंग नाही. काही पेस्टमध्ये निळं रंगद्रव्य असतं, ते दातावर बसून पिवळेपणा झाकतं आणि काही तासांत उतरतं. फोटो काढायच्या सकाळी उपयोगाची, एवढंच.

कोळशाची पेस्ट म्हणजे आपल्या राखुंडीचाच नव्या वेष्टनातला अवतार, आणि राखुंडीइतकीच खरखरीत असू शकते. इनॅमल झिजलं की आतला पिवळा डेंटिन जास्त दिसतो, म्हणजे उलटाच परिणाम. लिंबू तर मुळीच नको. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, आणि ५.५ च्या खाली इनॅमल विरघळायला लागतं. कच्ची कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, तोच प्रकार रोज मुद्दाम करण्यासारखं आहे. खाण्याचा सोडा एकटा फारसा घासत नाही, वरचा चहाचा डाग थोडा काढेल. त्यात लिंबू पिळायची आयडिया मात्र व्हिडिओपुरतीच राहू द्या.

लग्न ठरलंय? उलटं मोजा

दोन-अडीच महिने आधी तपासणी, स्केलिंग, किडलेल्या दातांवर उपचार. मग ट्रे आणि दोन-तीन आठवडे जेल. त्यानंतर किमान दोन आठवडे काहीच नाही, कारण ब्लीचिंगनंतर दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे सिमेंट नीट चिकटत नाही आणि रंगही अजून स्थिरावायचा असतो. पुढच्या दातांतली नवी भरणं, कॅप, व्हिनियर या विश्रांतीनंतरच, नव्या रंगाशी जुळवून. चारच दिवस हातात असतील तर फक्त पॉलिशिंग करा. सप्तपदीच्या वेळी कळ येणारे दात कोणाला हवेत?

जेल चालू असताना आणि नंतरचे दोन दिवस कडक चहा, बीट, हळदीचा रस्सा, रेड वाइन यांच्यापासून जरा लांब राहायला सांगतात. या पथ्याचा फायदा वाटतो तेवढा मोठा नाही, चहा प्यायला म्हणून सगळं वाया जात नाही. प्यायल्यावर चूळ भरा, पुरे. तंबाखूला मात्र ही सवलत नाही.

उजळलेला रंग सवयींप्रमाणे काही महिने ते दोन-तीन वर्षं टिकतो. मळकट वाटलं तर वर्षातून एखाद-दोन रात्री जेल पुरतं. दातांच्या कडा निळसर, काचेसारख्या दिसायला लागल्या तर थांबा. ते जास्त झाल्याचं लक्षण आहे, आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाहून पांढरे दात चेहऱ्यावर उसनेच वाटतात. ट्रे कोरड्या डबीत ठेवा, कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी. मध्ये नवी कॅप बसली किंवा मोठं भरण झालं तर जुना ट्रे बसणार नाही, नवा करावा लागेल. बाकी वेळी ट्रे फाटला तर त्याच प्रतिकृतीवर दुसरा होतो, म्हणून प्लास्टरची ती प्रतिकृती दवाखान्यातून मागून घेऊन कपाटात जपून ठेवा.